चार डोळ्यांच्या आठळ्या

गावप्रमुखाकडे रिकाम्या हाताने जायचं नसतं, म्हणून तैमीने जाताना एक तुंबा भरून ओमाओंगो, मारुल्याच्या फळांची आंबवलेली दारू, नेला. तिच्या अंगणातलं मारुल्याचं कोवळं झाड दरवर्षी गावातल्या इतर झाडांच्या आठ-दहा दिवस आधी फळं टाकायला लागतं. फळं फार नसतात, दोन टोपल्या भरतील एवढीच. त्यांचा रस काढून तिने तो तीन दिवस आंबवला, आणि जानेवारीतल्या एका बुधवारी सकाळी तुंबा डोक्यावर घेऊन ती निघाली. काय बोलायचं ते ती वाटेत मनात जुळवत होती. तुंब्यात काय आहे याचा विचार मात्र तिने केला नाही.

गावप्रमुख इयाम्बो अंगणात लाकडाच्या ठोकळ्यावर बसला होता. "बस, मेमे तैमी. बहीण कशी आहे?"

"बरी आहे, ताते. टाके निघाले."

त्याने तुंबा घेतला, वास घेतला, एक घोट घेतला आणि थांबला. मग दुसरा मोठा घोट घेऊन त्याने बायकोला हाक मारली. तिनेही चाखला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"यंदाचा पहिला," इयाम्बो म्हणाला. "शेजारच्या घरी सांगून ये. त्यांना म्हणावं, पुढच्या घरी कळवा. ओमाओंगो आला. सुऱ्या-काठ्या घरात ठेवा." बायको लगेच निघालीसुद्धा. मग तो तैमीकडे वळला. "हं, बोल. काय काम काढलंस?"

"तारेचं, ताते. रौनाच्या तारेचं."

"भांडण आहे?"

"भांडण नाही. विचारायचं होतं."

"विचारायचंय त्याला दुसरी बाजू आहे?"

"आहे."

"मग भांडणच ते." त्याने ओठांवरचा फेस पुसला. "आता ओमाओंगो संपल्यावर. तोवर मला कुठलंच भांडण ऐकता येत नाही, तुला माहीत आहे. आणि तूच तर आणलास."

तैमीने चुंबळ उचलून झटकली. रस गाळायचा, आंबवायचा, वाया जाऊ द्यायचा नाही, हे हाताला इतकं सवयीचं झालेलं होतं की वर्षाचा पहिला तुंबा गावप्रमुखाच्या हातात पडला की काय होतं, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. मारुल्याची फळं पडतात ते दोन महिने गावातली बहुतेक माणसं दुपारनंतर थोडीफार प्यायलेली असतात. अशा माणसांच्या हातात हत्यार नको आणि कानात तक्रार नको, म्हणून ओमाओंगो सुरू असेपर्यंत बैठक बसत नाही. बाजरीची पिशवी न्यायला हवी होती. साखरेचा पुडा चालला असता.

नोव्हेंबरात तिची बहीण ओशाकातीच्या दवाखान्यात होती आणि तैमी अठरा दिवस तिच्याजवळ राहिली. परत आली तेव्हा तिच्या आणि रौनाच्या शेतांच्या मधे नवी काटेरी तार उभी होती. रौनाचा नवरा एरास्टस वॉल्व्हिस बेच्या बंदरावर नोकरीला आहे. तो वर्षातून दोनदा घरी येतो आणि दर वेळी काहीतरी सुधारून जातो. या वेळी त्याने झुडपांचं जुनं कुंपण काढून टाकलं आणि कोपऱ्यातल्या खांबापासून थेट ताडापर्यंत तार ओढली. जुनं कुंपण सरळ नव्हतं. मध्यावर ते एका मोठ्या मारुल्याला रौनाच्या बाजूने वळसा घालून जायचं, म्हणजे झाड तैमीकडे राहायचं. तिच्या सासूच्या काळापासून ते तसंच होतं. आता रेघ सरळ झाली आणि झाड चार पावलं पलीकडे गेलं.

तेव्हा झाडावर फळ नव्हतं, बाजरीची पेरणी तोंडावर होती आणि एरास्टस परत गेला होता. तैमीने तारेपासून बुंध्यापर्यंतची पावलं नजरेने मोजली आणि ती गप्प बसली. रौनाही काही बोलली नाही. दोघी नळावर भेटायच्या, रौना बहिणीची चौकशी करायची, पाण्याविषयी बोलणं व्हायचं. तारेचं नाव कुणीच काढत नव्हतं.

पण मे महिन्यात आयलीचं लग्न होतं. तैमीची ती एकुलती एक मुलगी. लग्नात नवऱ्या मुलाच्या माणसांपुढे बाजरीचा घाटा आणि कोंबडीचा रस्सा ठेवतात, आणि रश्श्यावर मुलीच्या आईने स्वतः काढलेलं मारुल्याचं तेल ओततात. तेल बाजारातही मिळतं. मात्र पहिला घास घेतल्यावर तिकडची एखादी म्हातारी विचारते, "कुठल्या झाडाचं?" आणि उत्तर आईने सगळ्यांसमोर द्यायचं असतं. तैमीच्या अंगणातलं कोवळं झाड दोन टोपल्यांपुढे जात नव्हतं. घरामागचं मोठं झाड नर होतं. त्याला फुलं यायची, मधमाश्या यायच्या, फळ कधी धरलं नाही. उरलं ते तारेपलीकडचं.

तेही साधं नव्हतं. मारुल्याच्या आठळीला दोन किंवा तीन डोळे असतात. डोळा म्हणजे नखाएवढं झाकण, आणि प्रत्येक झाकणामागे एक मगज, चारोळीहून मोठा, शेंगदाण्याहून लहान, लोण्यासारखा पांढरा. या झाडाच्या आठळ्यांना बहुधा चार डोळे असत. तरीही एक तुंबा तेल व्हायला महिनाभर आठळ्या वाळवाव्या लागतात. मग एकेक दगडावर उभी धरून फोडायची आणि सुईने मगज टोकरून काढायचा. दिवसभर पाठ मोडून बसलं तर मगजाचा एक पेला भरतो. असे वीस-पंचवीस पेले लागतात. ओमाओंगो मार्चअखेर संपणार, बैठक एप्रिलमध्ये कधीतरी बसणार आणि लग्न मेमध्ये. निकाल तिच्या बाजूने लागला तरी हातात तेल येत नव्हतं.

जानेवारीच्या शेवटी ते झाड फळं टाकायला लागलं. मारुल्याची फळं हिरवीच पडतात आणि जमिनीवर दोन-चार दिवसांत पिवळी होतात. तारेच्या अलीकडून तैमीला त्यांचा वास यायचा. तारेखालून हात घालून तीन-चार फळं घेता आली असती, पण तिने ती घेतली नाहीत. एका सकाळी रौना टोपली घेऊन झाडाखाली वाकलेली दिसली. तैमीने मान वळवली आणि बाजरीतलं तण काढायला लागली. त्या दिवशी तणाबरोबर थोडी बाजरीही उपटली गेली.

चार दिवसांनी सायमा आली. ती रौनाची जाऊ. तिच्या पोटात शब्द राहत नाही हे तिला स्वतःलाही मान्य आहे.

"रौनाने सांगितलंय, उद्या रस काढायचाय. शिंग घेऊन ये."

"मला?"

"सगळ्यांना. तू आली नाहीस तर लोक काय म्हणतील? ओमाओंगो चालू आहे बाई. रुसायला बंदी आहे."

हे खरं होतं. रस काढायला बोलावलं आणि गेलं नाही, तर ते उघड भांडण धरलं जातं. तैमीने उशाखालच्या फडक्यातून गाईचं शिंग काढलं आणि त्याचं टोक दगडावर घासून ठेवलं.

रौनाच्या अंगणात सात बायका गोल बसल्या. मधे फळांचे दोन ढीग होते, एक मोठा, एक जरा लहान. लहान ढिगाशेजारी एक निळा टब ठेवलेला होता.

"हा ढीग आधी," रौना म्हणाली. "याच्या आठळ्या निळ्या टबात. मोठ्या ढिगाच्या टोपलीत. मिसळू नका."

तैमीने लहान ढिगातलं एक फळ उचललं. शिंगाच्या टोकाने साल भोसकली, शिंग फिरवलं, फळ दाबलं. रस मडक्यात गेला, आठळी टबात, साल मागे. चव बघायची गरज नव्हती. हे तिच्याच झाडाचं होतं. इतकं पाणीदार फळ गावात दुसरं नाही. रौनाने तेल काढायला चांगल्या आठळ्या वेगळ्या काढल्या, असं तिला वाटलं.  सात शिंगं चालू झाली.

सगळ्यांत म्हाताऱ्या होत्या कुकू लाह्या, म्हणजे लाह्या आजी. गावातली निम्मी माणसं त्यांच्या हातावर जन्मली, त्यामुळे उरलेल्या निम्म्यांनाही त्या दबकावतात. त्यांनी पहिलं मडकं अर्धं होईपर्यंत वाट पाहिली.

"सायमा, आज तुझं तोंड शिवलंय का?"

"नाही कुकू. आठवत होते. काल माझी मावसबहीण आली होती. एन्हानाच्या पलीकडून."

"तिकडे तुझी मावसबहीण आहे हे मला माहीत नव्हतं."

"आहे आता. त्यांच्या गावात एक गंमत झाली. एका बाईच्या नवऱ्याने शेताला तार ओढली. तार सरळ गेली, आणि शेजारणीचं झाड चार पावलं चालत अलीकडे आलं."

एक-दोघी खाली मान घालून हसल्या. रौनाचं शिंग थांबलं.

"नर असेल," कुकू लाह्या म्हणाल्या. "नरच असे फिरतात."

"मादी होती म्हणे. भरलेली."

"मग चालली नसेल. ओढून नेली असेल."

"शिंग चालू असताना माझ्या घरात भांडणाची गोष्ट नको," रौना म्हणाली.

"भांडण कुठे आहे?" सायमाने फळ दाबत विचारलं. "एन्हानाकडची गोष्ट आहे. त्या लोकांना आपण ओळखतही नाही."

 रौनाने चार फळं पिळली. मग ती कुणाकडेच न पाहता म्हणाली, "ते गाव मलाही ऐकून माहीत आहे. त्या झाडवाल्या बाईला तोंड नव्हतं का? दोन महिने नळावर भेटत होती. आज पाणी गढूळ आहे, आज बरं आहे. तारेबद्दल चकार शब्द नाही. आणि मग एका सकाळी शेजारणीच्या दारावरून, डोक्यावर तुंबा घेऊन, थेट गावप्रमुखाकडे."

हे तैमीला लागलं. ती रौनाच्या दारावरूनच गेली होती. दुसरी वाट होती, पण लांबची.

"त्या बाईला वाटलं असेल," तैमी म्हणाली, "ज्याने तार ओढली त्याने आधी बोलावं."

"ज्याने ओढली तो बंदरावर असतो."

"एन्हानाला कधीपासून बंदर आलं?" कुकू लाह्यांनी विचारलं. या वेळी सगळ्याच हसल्या, रौनासुद्धा थोडीशी.

तैमी हसली नाही. "तार एकट्याला ओढता येत नाही. एका टोकाला माणूस, दुसऱ्या टोकाला माणूस. दुसरं टोक कुणीतरी धरलं असेल."

 रौनाने शिंग मांडीवर ठेवलं आणि हात पुसले. "धरलं होतं," ती म्हणाली. "त्या गावातल्या बाईने धरलं होतं. म्हणालीसुद्धा ती नवऱ्याला, इथे वळसा आहे, सासवांच्या वेळचा. तो म्हणाला, वळशाला तार जास्त लागते."

"किती जास्त?" कुकू लाह्यांनी विचारलं.

"तीन हात."

"तीन हात तारेसाठी," कुकू लाह्या सावकाश म्हणाल्या. "आणि मग ती बाई गप्प बसली."

"आठ दिवसांसाठी घरी आला होता. आठ दिवसांत भांडू किती?"

हे सगळ्यांना पटलं असावं. निदान कुणी टोमणा मारला नाही. सातपैकी चौघींचे नवरे दक्षिणेला नोकरीला होते.

दुपारी लहान ढीग संपला. रौनाने निळ्या टबात पाणी ओतलं आणि आठळ्या काठीने घुसळल्या. गर सुटला आणि पांढुरकं, गोडसर पाणी झालं. ते पोरांसाठी गाळून ठेवलं. मग आठळ्या पुन्हा धुतल्या. दुसरा ढीग संपायला उन्हं कलली. प्रत्येकीने आपला डबा पुढे केला आणि रौनाने मदतीबद्दल प्रत्येकीला रस घातला. तैमीचा डबा भरून झाल्यावर तिने निळा टब उचलला आणि तैमीच्या पायाशी ठेवला.

"हे पण ने."

तैमी खाली बसली. वरची एक आठळी तिने अंगठ्याने चोळली. चार डोळे. दुसरी चोळली. चार. तळापर्यंत हात घातला तरी दोन डोळ्यांची एकही लागली नाही. उद्यापासून वाळत घातल्या तर मार्चच्या सुरुवातीला फोडायला बसता येईल. ती मनातल्या मनात पेले मोजायला लागली आणि मधेच थांबली.

या गावात कुणी काही दिलं आणि दुसऱ्याने घेतलं, की ती वस्तू देणाऱ्याची होती हे दोघांनी मान्य केल्यासारखं असतं. एप्रिलमध्ये इयाम्बो एवढंच विचारील: यंदाच्या आठळ्या कुणी दिल्या, कुणी घेतल्या? आणि इथे पाच जणी बघत होत्या. टब उचलला तर आयलीच्या लग्नाचं तेल होणार होतं आणि झाड जाणार होतं. ठेवला तर झाड कदाचित मिळणार होतं, आणि लग्नात तिला बाजारचं तेल वाढून मान खाली घालावी लागणार होती. सरळ विचारायची सोय नव्हती. सरळ विचारणं म्हणजे भांडण.

ती उठली. टब जमिनीवरच राहू दिला.

"त्या गावात, रौना," ती म्हणाली, "त्या बाईने शेजारणीला आठळ्या दिल्या, की परत केल्या?"

बायका डबे घेऊन निघाल्या होत्या, त्या थांबल्या.  रौना शिंग धूत होती. ते धुऊन झाल्यावर तिने ते परत धुतलं.

"त्या गावात बकऱ्या फार आहेत," ती शेवटी म्हणाली. "पडलेलं फळ दोन दिवस राहत नाही. शेजारणीला तार ओलांडता येत नव्हती, किंवा यायचं नव्हतं. म्हणून त्या बाईने वेचली. वेगळी ठेवली, वेगळी पिळली. रस सगळ्यांच्या डब्यांत वाटला गेला, तो आता परत करता येणार नाही. आठळ्या आहेत तेवढ्या परत केल्या."

"परत," तैमी म्हणाली.

"परत."

"ऐकलं ना सगळ्यांनी?" कुकू लाह्यांनी काठी शोधत विचारलं, आणि काठी ओमाओंगो संपेपर्यंत घरी ठेवली आहे हे आठवून सायमाचा खांदा धरला. "एन्हानाची गोष्ट आहे. आपला काही संबंध नाही. पण एप्रिलपर्यंत कुणी विसरू नका."

बायका गेल्या. तैमीने चुंबळ डोक्यावर ठेवली आणि रौनाने टब उचलून द्यायला हात लावला. टब जड होता. फाटकातून रस्त्याने जायचं तर अर्ध्या तासाची वाट होती.

"इकडून चल," रौना म्हणाली आणि रसाचा डबा घेऊन पुढे चालायला लागली.

झाडाखाली सकाळपासून पडलेली फळं तशीच होती, काही हिरवी, काही पिवळी व्हायला लागलेली. तारेशी येऊन रौनाने डबा खाली ठेवला. टब दोघींनी मिळून उतरवला.

"त्या गावातला नवरा ईस्टरला घरी येईल," तैमी म्हणाली.

"येऊ दे. तीन हात तार दुकानात मिळते."

रौनाने खालच्या तारेवर पाय दिला, वरची तार दोन्ही हातांनी उचलून धरली आणि मधे जागा केली. तैमी वाकून पलीकडे गेली. झग्याची एक चुणी काट्याला अडकली. तिने ती सोडवली. मग टब ओढून घेतला, मागून डबा घेतला.

"आज पडलेली परवापर्यंत पिकतील," ती म्हणाली. "ती मी वेचीन."

"सकाळी लवकर ये. बकऱ्या सोडायच्या आधी," रौना म्हणाली. "मी तार धरते."